दहा एकर निळाई

धंद्याने मी फोटोग्राफर. लग्नं, मुंजी, कारखान्यांचे कॅटलॉग, अधूनमधून एखाद्या दिवाळी अंकासाठी लेखकाचा गंभीर चेहरा, एवढाच पसारा. बाग माझ्याकडे उशिरा आली, आणि तीही पुण्यातल्या गच्चीवरच्या कुंड्यांपुरती. तेव्हा एडवर्ड स्टायकेनबद्दल अधिकारवाणीने काही बोलावं अशी माझी ऐपत नाही. पण गेली काही वर्षं हा माणूस माझ्या डोक्यातून जात नाही. १८७९ साली लक्झेंबर्गमधल्या बिव्हांज या गावी जन्मला, अगदी लहानपणी अमेरिकेत आला आणि १९७३ साली, ९४ वर्षं पूर्ण व्हायला दोन दिवस असताना, कनेक्टिकटमधल्या आपल्या मळ्यावर वारला. फोटोग्राफीच्या पुस्तकांत तो ग्रेटा गार्बोच्या चेहऱ्यासाठी आणि ‘द फॅमिली ऑफ मॅन’ या प्रदर्शनासाठी भेटतो. बागवानांच्या पुस्तकांत भेटतो तो डेल्फिनियम या उंच तुऱ्याच्या निळ्या फुलासाठी. दोन्हीकडचे लोक दुसऱ्या बाजूचा उल्लेख एका ओळीत उरकतात. माझा जीव अडकलाय तो त्या एका ओळीत. तिच्यामागे हिंडताना जे उमगलं, आणि जे उमगलंसं वाटून पुन्हा निसटलं, ते इथे सुचेल त्या क्रमाने.

१.

घरात एक जण मोजणारा लागतो आणि एक जण बघणारा. १८९५ साली, सोळाव्या वर्षी, स्टायकेनने जुना कॅमेरा विकत घेतला. पहिल्या रोलमध्ये पन्नास फोटो. रोल धुऊन आला तेव्हा त्यातला एकच बघण्याजोगा निघाला: पियानो वाजवत बसलेली धाकटी बहीण. वडील म्हणाले, पन्नासात एक हा काही हिशेब झाला नाही. आई म्हणाली, हा एक इतका सुंदर आहे की बाकीचे एकोणपन्नास वाया गेले तरी चालतील. वडिलांची तब्येत तांब्याच्या खाणीत खालावलेली, आणि घर चालायचं ते आईच्या टोप्यांच्या दुकानावर. म्हणजे उधळपट्टीची बाजू घेणारीच घरातली कमावती होती, हे मला विशेष वाटतं.

ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा मी अर्थातच आईच्या बाजूने होतो. कलावंत असल्याचा माझा तेव्हा दाट समज होता. पुढे स्वतःच्या खिशातून रोल, केमिकल आणि कागद आणायची वेळ आली आणि मी हळूहळू वडिलांच्या बाजूला सरकलो. आता बाग करायला लागल्यापासून पुन्हा आईकडे आलोय. बियांच्या बाबतीत पन्नासात एक म्हणजे चंगळ आहे.

२.

आपल्याकडे जे सगळ्यात चांगलं अवजार आहे, ते खाली ठेवायला फार मोठी छाती लागते. १९३६ च्या जून महिन्यात न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आठवडाभर स्टायकेनचं प्रदर्शन लागलं होतं. तेव्हा तो अमेरिकेतला बहुधा सगळ्यात महागडा फोटोग्राफर. ‘व्होग’ आणि ‘व्हॅनिटी फेअर’ वर्षानुवर्षं त्याच्या फोटोंवर दिमाखात चालत आलेले. आणि प्रदर्शनात काय, तर डेल्फिनियम. डेल्फिनियमचे फोटो नव्हेत, चित्रंही नव्हेत. मळ्यातून कापून आणलेले खरे तुरे. लोकांचा गैरसमज होणार हे संग्रहालयालाही ठाऊक असणार, कारण त्यांच्या पत्रकात मुद्दाम खुलासा होता की फुलं जातीने हजर राहणार आहेत. आधी शुद्ध निळ्या आणि धुक्यासारख्या फिकट छटांची फुलं मांडली, मग दुसऱ्या फेरीत माणसाच्या उंचीला पोचतील असे मोठाले तुरे.

मी हे वाचलं तेव्हा मला आधी राग आला. कॅमेरा हातात असलेल्या जगातल्या सर्वोत्तम माणसाने, आयुष्यातल्या सर्वोत्तम फुलांपुढे, तो वापरू नये? कापलेलं डेल्फिनियम किती दिवस टिकतं? पण नंतर एम्प्रेस गार्डनच्या जानेवारीतल्या पुष्पप्रदर्शनात उभा होतो. आजूबाजूला प्रत्येकाचा मोबाइल वर, माझाही. गुलाबाकडे नुसतं बघणारी एक पाचसहा वर्षांची मुलगी होती फक्त, आणि तिची आई तिला ‘इकडे बघ’ म्हणत होती.

कलेच्या संग्रहालयात फुलं मांडून स्टायकेन सरळ दावा करत होता की वाण तयार करणं हीसुद्धा कला आहे, फक्त तिचं साहित्य जिवंत आहे. त्या संग्रहालयाने पुन्हा असं फुलांचं प्रदर्शन भरवलं नाही. दाव्याचं काय झालं ते यावरून समजून घ्यावं.

३.

माणसाला डिवचता येतं, झाडाला येत नाही. हे वाक्य लिहायला सोपं, पण माझ्या धंद्याची सगळी हुशारी ज्या एका गोष्टीवर उभी आहे तीच यात निकालात निघते. १९०३ साली स्टायकेनने जे. पी. मॉर्गनचा फोटो काढला. अमेरिकेच्या पैशाच्या नाड्या हातात असलेला हा बँकर जेमतेम तीन मिनिटं बसला. पहिली प्लेट त्याला हव्या त्या पोझमध्ये. मग स्टायकेनने मान थोडी वळवायला सांगितली, मॉर्गन वैतागला, पुन्हा ताठ बसला, आणि त्या वैतागात दुसरी प्लेट टिपली गेली. डोळे अंगावर येणारे, आणि खुर्चीच्या हातावरची चकाकी अशी की मुठीत सुरा धरलाय असं वाटावं. मॉर्गनने ती प्रत रागाने फाडली. आज तो त्याच फोटोमुळे डोळ्यांसमोर येतो. १९२८ साली नटी ग्रेटा गार्बोला स्टायकेन म्हणाला की सिनेमासाठी केलेली ही केशरचना आड येतेय. तिने चिडून दोन्ही हातांनी केस मागे दाबले, आणि तो चेहरा जगाला मिळाला.

लग्नाच्या मांडवात मीही हेच करत आलो. वराला त्याच्या क्रिकेटबद्दल एक वाकडा शब्द टाकायचा, वधूच्या मामांना जेवणाबद्दल विचारायचं. चेहरे जागे होतात. गच्चीवर यातलं काही चालत नाही. शेवंतीला मी काय बोलणार? तिला दिवस लहान व्हायला हवे असतात, तेव्हाच ती कळी धरते, आणि दिवस लहान करणं माझ्या हातात नाही. स्टायकेन आठवडाभर न्यूयॉर्कमध्ये नट्यांना आणि सेनापतींना हलवून सोडायचा आणि मग मळ्यावर जाऊन अशा एका गोष्टीपुढे उभा राहायचा जिच्यावर त्याच्या बोलण्याचा शून्य परिणाम होतो. त्याला त्यात सुटका वाटत असणार, असा माझा अंदाज. मला अजून नुसता अपमान वाटतो.

४.

ठेवणं सोपं आहे. कनेक्टिकटमध्ये वेस्ट रेडिंगजवळ उम्पावॉग नावाचा मळा स्टायकेनने १९२८ च्या सुमारास घेतला, आणि तिथे सुमारे दहा एकरांत डेल्फिनियम लावलं. दहा एकर म्हणजे आपल्याकडे एका कुटुंबाची बरी शेती. त्याला फुलं विकायची नव्हती. त्याला हवा होता एक निळा, ज्यात जांभळ्याचा अंशही नाही.

वाण तयार करण्याची रीत ऐकायला साधी आहे. ज्या फुलाला आई करायचं त्याची कळी उमलायच्या आधी उघडून पुंकेसर काढून टाकायचे. बाप ठरवलेल्या फुलाचे पराग बारीक कुंचल्याने तिच्या कुक्षीवर लावायचे. वर कागदी पिशवी बांधायची, म्हणजे माशा आणि भुंगे मध्ये नाक खुपसणार नाहीत. चिठ्ठी लावायची. बी धरलं की गोळा करायचं, पेरायचं, रोपं वाढवायची आणि ती फुलेपर्यंत थांबायचं. फुलल्यावर कळतं की हजारांतल्या बहुतेकांनी आजोबांचा रंग उचललाय, काहींचा दांडा वाऱ्यात मोडतोय, काहींवर भुरी आलीय. त्यातली मोजकी ठेवायची. बाकी सगळी, चांगली दिसणारीसुद्धा, नांगरून मातीत घालायची. आणि पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून. हे त्याने, मधली युद्धाची वर्षं सोडली तर, दशकानुदशकं केलं.

मी या ‘चांगली दिसणारीसुद्धा’पाशी अडतो. वाईट रोप कुणीही उपटेल. पण जे रोप दुसऱ्या कुणाच्याही बागेत पहिलं बक्षीस घेईल, ते केवळ आपल्या मनातल्या निळ्याच्या एक पायरी अलीकडे थांबलं म्हणून नांगराखाली घालायचं? माझ्याकडे हार्ड डिस्कचा ढीग आहे. त्यात मिटलेल्या डोळ्यांचे वर आहेत, अक्षतांमागे गेलेल्या वधू आहेत, पाणी उपसायच्या पंपाचे सगळ्या बाजूंनी काढलेले फोटो आहेत आणि तो पंप बनवणारा कारखाना कधीच बंद पडलाय. गच्चीवरही तेच. एक जास्वंद आहे, तिला कळ्या येतात आणि गळतात, मावा पडतो, मी निंबोळीचं पाणी मारतो, पुन्हा मावा पडतो. ती जागा मी इतर कशालाही देऊ शकतो. देत नाही. ही म्हणते की मी दयाळू नाही, मला फक्त ठरवता येत नाही. यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही.

एक मात्र बागेमुळे लक्षात आलं. रोपाची निवड करायची तर ते फुलायलाच हवं, त्याआधी नाही. डिजिटल कॅमेरा आल्यापासून आम्ही फोटो काढल्याच्या दुसऱ्या क्षणी मागच्या पडद्यावर बघून पुसून टाकतो. रोल धुऊन यायला जे दोन-तीन दिवस लागायचे, त्यात काढतानाचा हट्ट निवळायचा आणि मग कॉन्टॅक्ट शीटवर भिंग धरून बघताना भलताच कुठलातरी फोटो हात वर करायचा. स्टायकेनचा नांगर कठोर होता, पण तो घाईने कधी फिरला नाही.

५.

माळी आपल्याहून चांगला चित्रकार निघू शकतो. स्टायकेनने सांगितलेली ही हकीकत आहे. फ्रान्समध्ये, पॅरिसच्या पूर्वेला, व्हुलांजी नावाच्या खेड्यात त्याचं घर आणि पहिली मोठी बाग होती. तेव्हा तो चित्रकारही होता, आणि चित्रं विकली जात होती. त्याच्या माळ्याने एकदा मालकाच्या एका फुलाच्या चित्राची आपल्या परीने नक्कल केली. ती बघून स्टायकेनला वाटलं, हे माझ्यापेक्षा बरं आहे. मग घरातली होती नव्हती ती सगळी चित्रं बाहेर काढून बागेत पेटवून दिली. रंग सोडला, फक्त फोटोग्राफी आणि फुलं ठेवली.

मला ही गोष्ट आवडते, पण ती मी पूर्णपणे गिळत नाही. त्याचं आत्मचरित्र १९६३ साली आलं, तेव्हा तो चौऱ्याऐंशी वर्षांचा. इतक्या वर्षांत आठवणीलाही छाटणी होत असते. शिवाय दुसरी कला हातात पक्की असलेल्या माणसाला पहिली जाळणं त्यातल्या त्यात परवडतं. त्या माळ्याला पुढे काय वाटलं असेल, याची मात्र कुणी दखल घेतलेली नाही. मालकाने आपलं चित्र बघून होळी केली, हे कौतुक समजायचं की काय?

६.

बाग माणसाला मऊ करते, ही आपली एक लाडकी समजूत. स्टायकेनच्या बाबतीत मला तसं दिसत नाही. व्हुलांजीच्या बागेतल्या फुलांसाठी फ्रान्सच्या फलोद्यान संस्थेचं सुवर्णपदक त्याने १९१३ साली मिळवलं. वर्षभरात युद्ध आलं. जर्मन फौजा मार्न नदीकडे सरकत असताना कुटुंबाला घर सोडावं लागलं. त्याआधी काढलेला त्याचा एक फोटो आहे, ‘हेवी रोझेस’. पूर्ण उमललेले, पाकळ्या आता सुटतील अशा बेताचे गुलाब एकमेकांवर रेललेले; काही काठाला करपायला लागलेत. मी फुलांचे पुष्कळ फोटो पाहिलेत, पण इतके पिकलेले गुलाब कुणी धीराने टिपलेले पाहिले नाहीत.

पुढे अमेरिका युद्धात उतरल्यावर तोच माणूस विमानातून काढायच्या फोटोंच्या विभागाचा प्रमुख झाला आणि लेफ्टनंट कर्नलच्या हुद्द्यावर पोचला. त्याच फ्रान्सच्या जमिनीचे वरून काढलेले फोटो, तोफा कुठे डागायच्या ते ठरवण्यासाठी. पहिलं लग्न याच वर्षांत मोडलं, प्रकरण कोर्टात गेलं, मुली दोघांमध्ये वाटल्या गेल्या. बागेत तासन् तास शांत बसणारा माणूस घरात तसाच असतो असं नाही. माझ्या घरी हे वाक्य मोठ्याने वाचून दाखवायची मला गरज नाही. तिथे ते आधीच माहीत आहे.

७.

एकाच गोष्टीकडे पुन्हा पुन्हा बघणं कंटाळवाणं असतं, आणि तो कंटाळा संपल्यावरच काहीतरी सुरू होतं. युद्धानंतर व्हुलांजीला परतून स्टायकेनने स्वतःला पुन्हा पहिलीत बसवलं. एक पांढरा कप आणि बशी. मागे काळं, राखाडी, पांढरं. त्याच कपबशीचे त्याने हजारांवर फोटो काढले, फक्त उजेड आणि छटा कह्यात आणण्यासाठी. हे करताना तो चाळिशी ओलांडलेला आणि नावाजलेला होता.

मग फळं. काही नासपती आणि एक सफरचंद. कॅमेऱ्यासकट त्यांच्यावर घोंगड्यांचा तंबू केला, आत उजेड इतका थोडा सोडला की एका फोटोला ३६ तास लागले. म्हणजे मध्ये एक-दोन रात्री आल्या. रात्री गारव्याने सगळं किंचित आकसायचं, दिवसा उबेने किंचित पसरायचं, आणि ती सगळी सूक्ष्म हालचाल एकाच निगेटिव्हवर एकावर एक साठत गेली. फोटोतली फळं त्यामुळे अशी भरीव दिसतात की बोटाने दाबून बघावीत. फळ एका जागी ठेवलं म्हणजे ते स्थिर झालं, असं फोटोग्राफरला वाटतं. ते हलत असतं हे माळ्याला ठाऊक असतं. तो फोटो त्या दोघांनी मिळून काढलाय.

मीही घरातली एक स्टीलची वाटी घेऊन बसलो होतो. स्टीलवर खिडकी, पडदा, मी आणि माझा ट्रायपॉड, सगळ्यांची प्रतिबिंबं. थोड्याच वेळात आतून विचारणा झाली की ती वाटी मोकळी होणार असेल तर आमटी वाढायची आहे.

८.

निळ्या फुलांचा खर्च कुणीतरी लिपस्टिक विकून भागवत असतं. स्टायकेनने १९२३ पासून फॅशनची मासिकं आणि जाहिरातींसाठी काम घेतलं, तेव्हा कलेच्या शुद्धतेवाल्यांनी नाकं मुरडली. पण दहा एकरांचा मळा त्याच पैशावर उभा राहिला. तरुणपणी मला हे जरा हलकं वाटायचं. आता गुलाबाच्या कलमांची पिशवी घेऊन नर्सरीतून बाहेर पडताना मी मनातल्या मनात सगळ्या पंपवाल्यांना नमस्कार करतो.

९.

ज्याचा उपयोग सांगता येत नाही, त्याच्यावर कर बसतो. स्टायकेनचा शिल्पकार मित्र ब्रांकुशी व्हुलांजीच्या बागेत येऊन राहायचा. तिथल्याच एका पॉप्लरच्या झाडातून त्याने आपला एक ‘अनंत स्तंभ’ कोरला. त्याचं ‘बर्ड इन स्पेस’ हे चकचकीत काशाचं शिल्प स्टायकेनने विकत घेतलं आणि ते १९२६ मध्ये न्यूयॉर्कच्या बंदरात आलं. कलाकृती असती तर कर माफ. पण पंख नाहीत, चोच नाही, पाय नाहीत. कस्टमवाल्यांनी ते स्वयंपाकघराच्या आणि दवाखान्याच्या सामानाच्या वर्गात टाकून ४० टक्के कर लावला. खटला झाला. स्टायकेन साक्षीला उभा राहिला. १९२८ मध्ये निकाल ब्रांकुशीच्या बाजूने लागला, आणि पक्ष्यासारखं दिसत नसलं तरी ते शिल्प असू शकतं हे अमेरिकेच्या कायद्याने मान्य केलं.

आमच्या सोसायटीच्या सभेत माझ्या कुंड्यांवर दरवर्षी चर्चा होते. गळती, वजन, डास. कुंड्या ‘सामायिक जागेतलं साहित्य’ या सदरात येतात. माझ्या बाजूने साक्ष द्यायला अजून कुणी स्टायकेन उभा राहिलेला नाही.

१०.

दूरचं हवंहवंसं फूल आपल्याच डोंगरात निघतं. पुण्यात डेल्फिनियम लावणं हा हट्ट आहे. त्याला रात्री गार लागतात, मार्च उजाडला की ते माना टाकतं. थंडीच्या मोसमापुरतं, ऑक्टोबरात पेरून, त्याचं धाकटं भावंड लार्कस्पर मात्र बरं येतं. मी त्यावर समाधान मानत आलो. आणि मग समजलं की सह्याद्रीत स्वतःचं डेल्फिनियम आहे. डेल्फिनियम मलबारिकम. पश्चिम घाटाबाहेर ते कुठे नाही, पावसाळा सरताना फुलतं, आणि दुर्मीळ आहे. निळंच. मी कुंडीसाठी बी परदेशातून मागवत असताना हे बेणं आपल्याकडच्या गवतात उभं होतं. ते खणून गच्चीवर आणण्याचा विचार माझ्या मनात आला नाही असं म्हणणं खोटं होईल. पण दुर्मीळ झाड डोंगरातच राहिलं तर दुर्मीळ राहील, कुंडीत आलं तर फक्त मेलेलं असेल.

दुसरा धागा विषाचा. स्टायकेनने नवे प्रकार काढण्यासाठी कोल्चिसिन वापरलं. ऑटम क्रोकस या फुलझाडातून मिळणारं हे रसायन गाऊटवर औषध म्हणून देतात. पेशी दुभंगताना गुणसूत्रं वेगळी होण्याची क्रिया ते अडवतं, त्यामुळे गुणसूत्रांची संख्या दुप्पट होऊ शकते, आणि रोप कधी थोराड, कधी विचित्र, कधी अगदीच नवं निघतं. हेच कोल्चिसिन आपल्या कळलावीतही असतं, पावसाळ्यात कुंपणाकुंपणांवर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी चढणारी ती. लहानपणी आम्हाला तिला हात लावायची बंदी होती. मोठी माणसं कारण भलतंच सांगायची, पण बंदी बरोबर होती.

११.

काय टिकावं हे ज्याचं त्याने ठरवायचं नसतं, निदान ते त्याच्या हातात तरी राहत नाही. इथे मला स्टायकेनच्या शेजारी दुसरा एक माणूस बसवायचा आहे: इंग्लंडचा चार्ल्स जोन्स, १८६६ ते १९५९. पेशाने माळी, मोठ्या घरांच्या बागांचा. त्याने कांदे, बीट, घेवडा, कोबी, नासपती यांचे फोटो काढले. मागे सपाट पडदा, भाजी जशी आहे तशी, एखाद्या मानकऱ्याला बसवावं तशी समोर. कुणाला दाखवले नाहीत. १९८१ साली लंडनच्या बर्मंडसीच्या जुन्या बाजारात शेकडो प्रिंटांची एक पेटी एका संग्राहकाला मिळाली, आणि जोन्सच्या मृत्यूनंतर वीसेक वर्षांनी हा माळी फोटोग्राफर ठरला. निगेटिव्हच्या काचा? घरच्यांच्या आठवणीप्रमाणे त्याने त्या कोवळ्या रोपांवर थंडीपासून आडोसा म्हणून वापरल्या.

मी हे वाचून खुर्चीतून उठलो होतो. काचेच्या निगेटिव्हचं हे भविष्य माझ्या स्वप्नातही आलं नसतं. ‘द फॅमिली ऑफ मॅन’ची गोष्ट बरोबर उलटी: ६८ देशांतले ५०३ फोटो, १९५५ साली म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये स्टायकेनने लावले, पुढल्या वर्षी ते मुंबईतही येऊन गेले, आणि आज लक्झेंबर्गच्या क्लेर्व्हो किल्ल्यात कायमचे जपून ठेवलेत. एवढी माणसं एका छताखाली गोळा करून झाल्यावर म्हातारा मळ्यावर काय करत होता? घराच्या खिडकीतून दिसणाऱ्या तळ्याकाठच्या एका लहानशा शॅडब्लो झाडाचे फोटो काढत होता. उन्हात, बर्फात, मोहरात, वर्षानुवर्षं, पुढे तर मूव्ही कॅमेऱ्यानेही. रंगीत. मला यातले फार थोडे फोटो बघायला मिळाले. खरं सांगायचं तर त्यातले काही अगदीच साधे आहेत. माझ्या हाताखालच्या पोराने आणले असते तर मी परत पाठवलं असतं.

१२.

उंची कमी करायला आयुष्य लागतं. सहा फुटी तुऱ्यांनी न्यूयॉर्कचे डोळे दिपवणाऱ्या, अमेरिकन डेल्फिनियम सोसायटीचं अध्यक्षपद भूषवलेल्या माणसाने शेवटी जो वाण जगाला दिला, तो अडीच फुटांच्या आसपासचा, झुडपासारखा फुटणारा, आधाराची काठी न मागणारा आणि बियांपासून सहज येणारा. नाव ‘कनेक्टिकट यँकीज’. १९६५ साली त्याला ऑल-अमेरिका सिलेक्शन्सचा किताब मिळाला, तेव्हा स्टायकेन ८६ वर्षांचा. नावाला मार्क ट्वेनच्या कादंबरीचा वास आहे, आणि ट्वेनचे अखेरचे दिवसही त्याच रेडिंग गावात गेले होते.

त्याच्या ‘फ्लॅटआयर्न’ या १९०४ सालच्या फोटोचा एक प्रिंट २०२२ मध्ये लिलावात १ कोटी १८ लाख डॉलरला गेला. ‘कनेक्टिकट यँकीज’ची पुडी मी मागवली ती नेहमीच्या फुलांच्या बियांच्या भावात. बी फ्रिजमध्ये ठेवलंय, कारण डेल्फिनियमच्या बीला उष्णता मानवत नाही आणि ते लवकर जुनं होतं. ऑक्टोबरची पहिली गार रात्र आली की पेरीन. पुडीवर अर्थातच फुलाचा फोटो आहे. दुपारी बाराच्या उन्हात काढलेला, निळा पार जांभळा झालेला, आणि मागे कुणाचातरी बागेचा पाइप. कुणी काढलाय त्याचं नाव छापलेलं नाही, ते बरंच आहे.